पिवळीचं माहेर

आमच्या थोरल्या जाऊबाई चष्म्याच्या दुकानात काचा बसवतात. दुकानात शिरलं की आरसे आणि कपाटं दिसतात, त्या दिसत नाहीत. पडद्यामागे एक लांबोडकं टेबल आहे, त्यावर काच घासायचं यंत्र, आणि यंत्रापुढे या, उजव्या डोळ्याला भिंग चिकटवून. गिऱ्हाइकाला वाटतं चष्मा कंपनीतून तयार होऊन येतो. "वाटू दे," त्या म्हणतात. "नीट दिसायला लागलं की झालं."

मी त्यांना ताई म्हणते. उंच, काटक, साठीला टेकलेल्या. रोज सकाळी एका पिवळ्याधमक जपानी सायकलवरून दुकानात जातात. लांबच्या प्रवासासाठी केलेली गाडी ती, एडक्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल, पुढे-मागे कॅरिअर. आणि रंग असा, की रस्त्याच्या त्या टोकाला असल्या तरी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून कळावं, ताई निघाल्या. हा रंग गोदीतल्या क्रेनचा. भाऊजींनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, स्वतः ब्रशनं तीन हात दिले होते. दांड्यावर एके ठिकाणी ब्रशचा केस चिकटून तसाच वाळलाय. त्यावर ताईंचा हात अधूनमधून जातो.

भाऊजी गोदीत क्रेनवर होते. स्वभावानं मोकळे, पण एका बाबतीत भारी बढाईखोर. "पस्तीस वर्षांत या हातून अंडंसुद्धा पडलं नाही!" घरात कुणाकडून कपबशी फुटली की हे वाक्य ठरलेलं. ताईंकडून फुटली तर वर शेरा, "आमच्या क्रेनवर या एक दिवस. शिकवतो." ताई हातातला झाडू त्यांच्याकडे देत आणि म्हणत, "आधी हे उचला."

सायकल घरी आली तेव्हा ताईंच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. भाऊजी एका संध्याकाळी ती ढकलत घेऊन आले. रंग अजून ओला होता. तिच्यावर नाव नाही, बिल्ला नाही, काही नाही. ताईंनी विचारलं, कुठून आणली? ते म्हणाले, "जहाजातून उचलली," आणि हसले. त्यानंतर ज्यानं ज्यानं विचारलं त्याला हेच उत्तर. क्रेनवाला माणूस, उचलणं हा त्याचा धंदा. सगळे हसायचे. घरात सायकलचं नाव पडलं पिवळी. भाऊजी निवृत्त होईपर्यंत तिच्यावरून गोदीत गेले, आणि ते गेल्यावर ताईंनी ती चालवायला घेतली. एरवी ती त्यांच्या पुढच्या खोलीत, भिंतीतल्या दोन आकड्यांवर टांगलेली असते. वर भाऊजींचा फोटो.

गेल्या हिवाळ्यात पुतणीचं, म्हणजे ताईंच्या लेकीचं, लग्न ठरलं. मुलगा तिच्याच ऑफिसातला. पसंती त्या दोघांनी आधीच उरकलेली, आपण फक्त चहा करायचा. मुलाचे वडील एकटेच आले होते. पन्नाशीचे, नीटनेटके, कमी बोलणारे. पुतणीनं चहा दिला. त्यांनी कप हातात घेतला खरा, पण नजर भिंतीवर.

"ही कोणाची?"

"माझी," ताई म्हणाल्या. "म्हणजे आधी यांची."

"कुठली आहे?"

"जपानी, असं हे म्हणायचे. नाव नाही तिच्यावर कुठे."

ते उठले, जवळ गेले. पुढच्या कॅरिअरच्या टोकाला एक बारीक वळण आहे, गोगलगाईच्या शिंगासारखं. त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"नाव नाही," ते हळूच म्हणाले, "की नाव काढलंय?"

कुणाच्या लक्षात यायच्या आत पुतणी हसत बोलून गेली, "आमचे बाबा म्हणायचे, जहाजातून उचलली!"

हाच तो शब्द. आमच्या घरात इतकी वर्षं तो थट्टेचा होता. त्या क्षणी तो परक्या कानांवर पडला आणि मलाही पहिल्यांदाच त्याचा दुसरा अर्थ ऐकू आला. व्याह्यांनी कप खाली ठेवला.

मग त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील बंदराच्या कचेरीत होते. एका खलाशानं त्यांना अशीच जपानी सायकल दिली होती. हिरवी. हँडलखालच्या नळीवर पितळी बिल्ला. दहावीत असताना व्याही ती हट्टानं घेऊन गेले, गोदीच्या फाटकाबाहेर लावली आणि कुलूप घालायला विसरले. परत येऊन पाहतात तर गाडी नाही.

"वडील जाईपर्यंत एकच म्हणत राहिले, याच्या हातात काही देऊ नका. पाहुण्यांसमोरसुद्धा." ते कॅरिअरकडे बघतच बोलत होते. "विहीणबाई, मी तुम्हाला काही म्हणत नाही. लग्नाचा याच्याशी संबंध नाही. पण हे वळण मी हजारांत ओळखीन. आणि गाडी चोरली की माणूस आधी रंग बदलतो, मग नाव काढतो. हे कोणीही सांगेल."

ते गेले. चहावर साय धरली होती.

दुसऱ्या दिवशी खिडकीतून पाहिलं तर ताई पायी निघालेल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. शेवटी मीच त्यांच्याकडे गेले. पिवळी आकड्यांवरून खाली उतरवून भिंतीला टेकवलेली, आणि ताई समोर खुर्ची टाकून बसलेल्या.

"चढवत नाही मला तिच्यावर," त्या म्हणाल्या. "कोणाच्या तरी पोराला जन्मभर बोलणी बसली असतील आणि मी वरून घंटी वाजवत जाते."

"ताई, भाऊजी असं करतील?"

"नाही करणार. पण मी तुला हे कशाच्या जोरावर सांगतेय? तीस-पस्तीस वर्षं मी विचारलंच नाही. ते हसले की मी हसत होते." मग फोटोकडे न बघता त्या म्हणाल्या, "चोरीची असेल तर द्यायची. व्याह्यांच्या दारात नेऊन द्यायची. आणि मग हा फोटो कुठे लावायचा ते मला ठरवावं लागेल. पण आधी मला कळलं पाहिजे, ही आली कुठून."

जुन्या सायकलींचं वेड लागलेले लोक जगभर आहेत आणि ते इंटरनेटवर दिवसरात्र भांडत असतात. मी पिवळीचे फोटो त्यांच्यात टाकले. एकानं नळ्यांच्या जोडाचा जवळून फोटो मागितला, दुसऱ्यानं मागच्या चाकाच्या पकडीचा. दिव्याची तार नळीच्या आतून गेलीय हे पाहून तिसरा तर हरखूनच गेला. जपानीच, लांब पल्ल्याची, चांगल्या हाताची, यावर सगळ्यांचं एकमत. पण कारखाना कुठला? असे जोड अनेक कारखाने बाहेरून विकत घ्यायचे, म्हणे. नुसत्या चेहऱ्यावरून आडनाव सांगा म्हणण्यासारखं ते. त्यांनी तीन गोष्टी बघायला सांगितल्या. पायडलच्या आसाखाली नंबर ठोकलेला असतो, चोरीच्या गाडीचा तो बहुधा घासून टाकलेला असतो. पायडलच्या दांड्याच्या मागे दोन अक्षरं असतात, पहिलं सालाचं, दुसरं महिन्याचं. आणि हँडलखालच्या नळीला बिल्ल्याची भोकं आहेत का. तिन्ही गोष्टी क्रेनच्या रंगाखाली.

रंग खरवडायचा म्हणजे कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे जायचं. त्याला सगळे हातवारे म्हणतात. तो पूर्वी भाऊजींबरोबर गोदीत होता. क्रेनवाला वर काचेच्या खोलीत, हा खाली जहाजावर उभा राहून हातानं खुणा करायचा: घे, थांब, खाली, डावीकडे. गोदी सुटली, सवय सुटली नाही. गल्लीत ट्रक मागे येत असला की हा दुकान सोडून मध्ये उभा राहतो. बोलतानाही आधी हात उठतात, मग शब्द.

ताईंनी त्याला सांगितलं, रंग काढायचाय.

हातवाऱ्यांचे हात जागच्या जागी थांबले. मी ते कधी पाहिलं नव्हतं.

"कशाला वहिनी? त्यानं हातानं दिलाय तो."

"म्हणूनच तर. खाली काय आहे ते बघायचंय."

"काही नाही खाली. लोखंड आहे." त्यानं स्पोक उचलला, ठेवला, परत उचलला. "राहू द्या ना. मेलेल्या माणसाची गोष्ट कशाला उकरायची?"

ताई त्याच्याकडे बघत राहिल्या, भिंगातून बघतात तशा. "म्हणजे गोष्ट आहे."

"मी कुठे म्हटलं तसं!"

"रविवारी दुपारी घरी या. ब्लेड आणा, रंग मऊ करायचं औषध आणा. व्याह्यांनाही बोलावलंय. जे निघेल ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत निघू दे."

घरी येताना मी म्हटलं, "ताई, व्याह्यांना कशाला? आधी आपण बघू." त्या म्हणाल्या, "आपण आधी बघितलं, आणि वाईट निघालं, तर मी गप्प बसेन. मला माझा भरवसा नाही."

रविवारी पुढच्या खोलीत वर्तमानपत्रं पसरली. पुतणीला ताईंनी मुद्दाम मैत्रिणीकडे धाडलं होतं. व्याही पाठ न टेकता खुर्चीच्या कडेवर बसले. हातवाऱ्यांनी पिवळी उलटी केली, चाकं वर, आणि आसाखालचा रंग काढायला घेतला. खोलीत फक्त ब्लेडचा आवाज. पिवळ्या सालींचा छोटा ढीग साचला. आकडे दिसले. ताईंनी भिंग लावलं.

"नंबर शाबूत आहे. घासलेला नाही."

व्याही म्हणाले, "आमच्या गाडीचा नंबर आम्हाला कधीच माहीत नव्हता. त्यामुळे तो असून काय, नसून काय."

मग पायडलचा दांडा. दोन अक्षरं निघाली. मी सायकलवेड्यांनी फोनवर पाठवलेलं कोष्टक काढलं आणि साल वाचलं. वाचताना माझा आवाज खाली गेला. व्याह्यांची गाडी गेली त्याच्या आदल्या वर्षाचं साल होतं ते.

हातवाऱ्यांनी गाडी सरळ केली. हँडलखालच्या नळीला औषध लावलं, रंगावर सुरकुत्या आल्या. ब्लेड एकदा फिरलं, दुसऱ्यांदा फिरलं, आणि पिवळ्याखालून करडा थर दिसायला लागला. त्यात एक बारीक ठिपका. त्याखाली, बोटभर अंतरावर, दुसरा.

भोकं.

व्याही उठून उभे राहिले. "इथेच," ते म्हणाले. "बरोबर इथेच होता बिल्ला." त्यांचा अंगठा आपोआप हवेत गोल फिरला. विजयाचा सूर नव्हता त्यात. उलट, दुखऱ्या दातावर जीभ जावी तसे दिसत होते ते.

ताईंच्या चेहऱ्याकडे बघायचं मला धैर्य झालं नाही. मी त्यांच्या हातांकडे बघितलं. त्यांनी रुमालानं भिंग पुसलं, सावकाश, दुकानात पुसतात तसं, आणि नळीवर वाकल्या. किती वेळ वाकून होत्या कोण जाणे.

"हिरवा कुठे आहे?" त्या म्हणाल्या.

"काय?"

"तुमची गाडी हिरवी होती. पिवळ्याखाली हिरवा निघायला हवा. इथे पिवळ्याखाली सरळ करडं अस्तर आहे, रंगाआधी देतात तो हात. हिरव्याचा कणसुद्धा नाही."

"काढला असेल खरवडून."

"मग अस्तरही गेलं असतं. आणि हे बघा." त्यांनी भिंग व्याह्यांच्या हातात दिलं. "चष्म्याच्या फ्रेमला एकदा स्क्रू बसला ना, की भोकाची कड खरचटते. स्क्रू काढा, पुसा, काही करा, ते खरचटणं राहतं. इथे अस्तर भोकाच्या आतपर्यंत गेलंय, अगदी गुळगुळीत. या भोकात आजवर काही बसलेलंच नाही. बिल्ला लावायची तयारी केली होती, बिल्ला लागलाच नाही."

व्याह्यांनी पाहिलं. जागा बदलून परत पाहिलं. प्रामाणिक माणूस, मान हलवली. "नाही. ही आमची नाही."

मला वाटलं, सुटलो. मी उठून चहा ठेवायला निघाले, तोच ते पुढे बोलले. हळू आवाजात, जणू स्वतःलाच विचारत होते.

"पण विहीणबाई, रंग नाही, नाव नाही, नुसतं अस्तर लावलेली गाडी दुकानात मिळत नाही. म्हणजे ही दुकानापर्यंत पोचलीच नाही. परदेशातून सुट्या गाड्या मागवायच्या आणि इथे रंग देऊन आपलं नाव लावायचं, अशा कंपन्या असायच्या. मग ही पेटीतूनच आली ना? गोदीतल्या, बंद पेटीतून?"

माझे पाय दारातच थांबले. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. आता एका मुलाची गाडी नाही, पण कंपनीचा माल. आणि भाऊजींचाच शब्द साक्षीला: जहाजातून उचलली.

ताईंनी हातवाऱ्यांच्या हातातून ब्लेड घेतलं आणि वरच्या दांड्याकडे वळल्या.

"वहिनी, तिथे नको," हातवारे म्हणाला.

"का?"

"तिथे तो केस आहे. ब्रशचा."

"मला माहीत आहे तिथे काय आहे," ताई म्हणाल्या, आणि बरोबर तिथेच ब्लेड लावलं.

पिवळी साल निघाली, केसासकट. खाली लोखंड नव्हतं. पांढरं, ठिसूळ काहीतरी होतं. लांबी, भिंतीच्या भेगांत भरतात तशी. ताईंनी दाबलं तसा तिचा मोठा तुकडा निखळून वर्तमानपत्रावर पडला, आणि दांड्याला मूठभर पोचा दिसला. खोल. कुणीतरी घणानं मारावं तसा.

ताईंनी मान वर केली. भिंग अजून डोळ्याला होतं. "बोला आता," त्या हातवाऱ्यांना म्हणाल्या. "नाहीतर सगळी सोलून काढीन."

हातवारे खाली बसला. त्याचे दोन्ही हात वर गेले, वरून धपकन खाली आले, आणि मग शब्द आला.

"पाडली."

"काय?"

"उचलली नाही हो वहिनी. पाडली! पेटी पाडली त्यानं!"

एकदा बोलायला लागला तसा थांबेना. जहाजातून पेट्या निघत होत्या, सायकलच्या सांगाड्यांच्या. दोर सरकला. पेटी तीन मजल्यांवरून डेकवर आली. "मी खालीच होतो. खूण करून दोन पावलं बाजूला झालो, शिंक आली म्हणून. माझी टोपी पेटीखाली सापडली नंतर." चौकशी बसली. भाऊजींना महिनाभर क्रेनवरून उतरवलं. मोडके सांगाडे मालकानं घेतले नाहीत, ते भंगारात निघाले. भाऊजी साहेबाकडे गेले आणि म्हणाले, एक मला हवा. साहेब म्हणाला, ने बाबा. "कागद नाही त्याचा. मीच कागद. मी बरोबर होतो. चाकं-बिकं त्याच पेटीतली. दांडा चेपलेला, पुढच्या चाकाचा चिमटा वाकडा. चिमटा आम्ही दोघांनी सरळ केला, माझ्या बापाच्या दुकानात, महिनाभर बसून."

"महिनाभर," ताई म्हणाल्या. "महिनाभर ते रोज डबा घेऊन निघत होते."

"आम्ही दोघं मिळून खायचो. मेथीचा... म्हणजे, चांगला असायचा."

"आणि मला सांगितलं नाही."

"नवं लग्न हो. तुम्हाला आधीच सांगून बसला होता, अंडं पाडत नाही म्हणून. मला शपथ घातली. म्हणाला, बायकोला कळता कामा नये. पण गाडी मात्र रोज समोर टांगणार. म्हणाला, पेटी लावताना ही डोळ्यांपुढे असली पाहिजे." त्यानं बाहीनं नाक पुसलं. "त्यानंतर खरंच नाही पाडलं काही. हे खरं आहे वहिनी."

ताई खुर्चीवर बसल्या. भिंग काढलं. आणि मग त्यांनी फोटोकडे पाहिलं, आठवडाभरात पहिल्यांदा.

"मेल्या बढाईखोरा," त्या म्हणाल्या. इतक्या प्रेमानं मी हे शब्द कधी ऐकले नव्हते. "माझ्या कपबश्या मोजत होतास?" आणि हसता हसता त्यांनी पदर तोंडाला लावला, आणि तो बराच वेळ काढला नाही.

व्याही अवघडून उभे होते. ज्याची गाडी सापडली नाही असा खोलीत तोच एक माणूस होता. थोड्या वेळानं ते म्हणाले, "मग माझी कुठे गेली?"

"तुमची," ताईंनी डोळे पुसले, "कोणीतरी उचलली. पण तुम्ही दहावीतलं पोर होतात. कुलूप विसरणाऱ्यापेक्षा नेणाऱ्याचा दोष मोठा. हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

ते चष्मा काढून पुसत राहिले. काच स्वच्छच होती.

मी चहा केला. या वेळी तो सगळ्यांनी गरम असतानाच प्यायला. हातवारे म्हणाला, पोच्यात परत लांबी भरून देतो, रंग आणतो, कळायचंसुद्धा नाही. ताई म्हणाल्या, "नको. दिसू दे. उद्या मला तिच्यावरून जायचंय, आणि विचारलं कोणी तर नीट सांगायचंय." त्यांनी वर्तमानपत्रावरच्या सालींतून तो ब्रशचा केस वेचला आणि चष्म्याच्या रिकाम्या डबीत ठेवला.

मग पिवळी परत भिंतीवर चढवायची वेळ आली. हातवारे पुढे झाला, हात वर करून खुणा करायलाही लागला. ताईंनी त्याला थांबवलं आणि व्याह्यांकडे वळल्या.

"तुम्ही या इकडे. दांड्याला धरा."

"मी?" त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं.

"तुम्हीच. उचला," ताई म्हणाल्या. "आणि नीट धरा हं. या घरात पाडायची परंपरा आहे."